मोखोवाच्या ढालीवरचं जनावर

– नाही, नाही, डॉक्टरबाई, खुर्चीवर तुम्ही बसा, मी इथेच बरा आहे. पेटी कठीण आहे खरी, पण चाळीस वर्षं शाळेच्या लाकडी खुर्चीवर काढलेल्या माणसाला मऊ आसन दिलं की त्याचे विचारही मऊ पडतात. तर कुठे होतो आपण? – पाठभेदांवर. राजधानीहून तुम्ही आमच्या गावाची ढाल, म्हणजे गावाचं मानचिन्ह, तपासायला आलात आणि हा म्हातारा ढाल दाखवायची सोडून कथा सांगत बसलाय, असं मनात आलं ना तुमच्या? आलंच असणार. पण ढालीवरचं जनावर हा कथेचा शेवट असतो, सुरुवात नव्हे. एखाद्या मुक्या जनावराने शत्रूपासून गाव वाचवलं, ही कथा आपल्या डोंगरांत किमान अकरा खोऱ्यांत सांगतात – मी स्वतः मोजलीत, सायकलवरून. कुठे ते जनावर बदक आहे, कुठे गाढव, वरच्या अंगाला एके ठिकाणी तर आंधळा कोंबडा. बीज मात्र सगळीकडे एकच: तुर्की घोडेस्वार नदीकाठाने वर येतात, गाव गुहेत लपतं, जनावर मध्ये पडतं, घोडेस्वार परत जातात. आमच्या मोखोवात या कथेची तीन रूपं प्रचलित आहेत, आणि तिन्ही मी गावच्या बखरीत नोंदवलीत, कारण गावचा बखरकार मीच आहे – एकोणीसशे अठ्ठावन्नपासून, सलग.

पहिलं रूप पुरुषांचं. ते खानावळीत सांगितलं जातं, उभ्याने. गाव गुहेत दडलेलं, घोडेस्वार खाली कुरणात आलेले, आणि तेवढ्यात वरच्या कड्यावर एक शुभ्र जनावर उभं राहतं – एकच शिंग, हनुवटीला दाढी, उन्हात चांदीसारखं झळकणारं. घोडे बुजतात, स्वार पडतात, तुर्क जे पळतात ते थेट सपाटीला. हा एकशिंगी. दुसरं रूप शेजारच्या बुकोव्निकचं – आणि शेजाऱ्याचं रूप अभ्यासकाने नेहमी नोंदवावं, कितीही जिवावर आलं तरी. ते म्हणतात, मोखोवाचे लोक घाबरून इतके जोरात पळाले की एक शेळी मागे विसरले. ती शेळी गावभर बें-बें बेंबटत हिंडली, तुर्कांना वाटलं गावात एवढाच एक रहिवासी शिल्लक आहे, त्याच्याकडे लुटण्यासारखं काही नाही, म्हणून ते गेले. हसू नका. म्हणजे, हसा, सगळेच हसतात. तिसरं रूप बायकांचं. त्यात तुर्क जवळजवळ नाहीतच. त्यात गुहा आहे, चाळीस दिवस आहेत, आया भुकेने आटलेल्या आहेत, आणि एक शेळी आहे जी नऊ तान्ह्या मुलांना पाजते. ती एकदाही ओरडत नाही. तुर्क गुहेच्या तोंडाशी येऊन उभे राहिले तरी ओरडत नाही. बस्स, एवढंच रूप. ते माझी बहीण योहाना सांगते, शेळ्यांची धार काढताना, आणि कुणी ऐकतंय की नाही हे ती बघत नाही.

आता शास्त्रीय दृष्ट्या यातलं मूळ कोणतं? मी चाळीस पानांचा निबंध लिहिलाय, तुमच्या मंडळाला पाठवलेलाच – वाचलात? सगळा? बरं, बरं. तर तुम्हाला ठाऊकच आहे, मी पहिलं रूप मूळ धरतो. ही घ्या गावच्या शिक्क्याची मुद्रा. सांभाळून, पितळ आहे, पण अडीचशे वर्षांचं आहे. भिंग त्या खिडकीत ठेवलंय – मी उठलो असतो, पण पाठ. हं. बघा. काय दिसतं? एक शिंग. हनुवटीला दाढी. आणि खूर बघा – फाटलेले! अडाणी चितारी एकशिंगीला घोड्याचे खूर काढतात, पण जुन्या ढालींवर एकशिंगीला दाढी असते आणि खूर दुभंगलेले असतात, हे मी तुम्हाला काय सांगायचं. म्हणजे तीन लक्षणं, तिन्ही जुळतात. शेपूट आखूड दिसतं म्हणता? शेपूट झिजलंय. शेपटं नेहमी आधी झिजतात.

आणि तोंड कुठल्या बाजूला आहे ते विचारू नका, तो आमच्याकडे दुखरा विषय आहे. तुम्हाला ठाऊक आहे की ढालीवरचं जनावर नेहमी ढाल धरणाऱ्याच्या उजवीकडे बघतं. मला ठाऊक आहे. आमचे सरपंच इमरिख यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी निशाण रंगवायला दिलं तेव्हा लाखेत ठसा न उठवता मुद्राच चिताऱ्याच्या हातात ठेवली, आणि मुद्रा उलटी कोरलेली असते एवढं कुणाच्या डोक्यात आलं नाही. निशाण झालं, अग्निशामकांच्या पडवीवर फडकलं, आणि आमचा एकशिंगी काठीकडे पाठ करून वाऱ्याच्या दिशेने धूम ठोकतोय. पळपुट्याचं चिन्ह! बुकोव्निकचा एक माणूस सायकलवरून चालला होता, तो उतरला, टोपी काढली आणि म्हणाला, "अभिनंदन मंडळी, अगदी हुबेहूब उतरलंय." पुन्हा रंगवावं लागलं. आता नीट आहे. आता फक्त तुमची सही हवी, कारण रविवारी निशाणाला पाद्रीबाबा आशीर्वाद देणार, बँड ठरलाय, आणि बुकोव्निकच्या सगळ्या पंचांना आमंत्रण गेलंय. पहिल्या रांगेत खुर्च्या. मुद्दाम.

घ्या ना, अजून एक तुकडा घ्या चीजचा. आवडलं? मेंढीचं आहे. हो, मेंढीचंच. आणि दारू तुम्हीच ओतून घ्या, घरच्या आलुबुखारांची आहे, माझ्याही पेल्यात थोडी टाका, इकडे सरकवा – तुम्ही पाहुण्या, आणि मी बसून राहिलोय, पण काय करणार.

काय ते पांढरं? कुठे? शिंगाच्या मागे? – ते... पितळेला म्हातारपणी पांढरं येतं, डॉक्टरबाई. माणसासारखंच. पोटाखाली पण आहे? असेल. तिथेही येतं.

तुम्ही विचाराल, एवढा आटापिटा कशासाठी. एका जनावरासाठी? तर ऐका. त्या काळात, म्हणजे मधल्या काळात, वरून हुकूम आला आणि मोखोवा बुकोव्निकला जोडून टाकलं. आमची पंचायत बंद, आमचा शिक्का बंद, आमची ही मुद्रा त्यांच्या कपाटात, झाडूशेजारी. आमची मोठी मुलं त्यांच्या शाळेत. तीस वर्षं आम्ही नकाशावर नव्हतो, बुकोव्निकचा वरचा भाग होतो. चार वर्षांपूर्वी सुटलो. आता आपलं नाव, आपली पाटी, आपला सरपंच – आणि आपली ढाल नको? आणि त्या ढालीवर काय लावायचं – शेळी? तीनशे वर्षं ते आम्हाला शेळ्या म्हणत आलेत! फुटबॉलच्या सामन्याला ते गळ्यातल्या घंटा घेऊन येतात. आमचा गडी पेनल्टी मारायला पुढे झाला की ते सत्तर-ऐंशी माणसं एका सुरात बेंबटतात. त्यात त्यांचे दातांचे डॉक्टरही असतात. तेच आमचेही दातांचे डॉक्टर आहेत, म्हणजे दुसऱ्या दिवशी त्यांच्यापुढेच तोंड उघडायचं.

गावसभेत मी म्हणालो, निर्णय शास्त्राने होऊ द्या. सरपंच म्हणाले, "मास्तर, शास्त्राने करा नाहीतर कशाने करा, पण शेळी निघाली तर निशाण मी धरणार नाही, तुमचं तुम्ही धरा." कुणी म्हणालं लांडगा लावा. कुणी म्हणालं अस्वल. "अस्वल बुकोव्निकचं आहे." "मग दोन अस्वलं लावा!" मी उठलो, निबंधातली चार पानं वाचली, एकशिंगी शुचितेचं प्रतीक आहे, धैर्याचं आहे, तो जिवंत कुणाच्या हाती लागत नाही – टाळ्या पडल्या हो. आणि टाळ्या थांबल्यावर मागच्या बाकावरून आमच्या योहानाताई उभ्या राहिल्या. त्र्याहत्तर वर्षांची बाई, पायात रबरी बूट, सरळ गोठ्यातून आलेली. म्हणाली, "ब्लाजो, मला एवढंच सांग. तुझ्या त्या एकशिंगीचं दूध काढून दाखवतोस? दाखव, मग मी खाली बसते." सगळी सभा फुटली. मी म्हणालो, "योहाना, हा दुधाचा प्रश्न नाही." ती म्हणाली, "दुधाचाच आहे." आणि गेली निघून, दार उघडं टाकून. फेब्रुवारीत.

लाखेचा ठसा? जुना, मूळ मुद्रेचा? – नाही. नाही, तसा एकही शिल्लक नाही. असते तर मी चाळीस पानं कशाला लिहिली असती. काही युद्धात जळले, काही उंदरांनी खाल्ले. उंदरांना लाख फार आवडते, हे तुम्हाला कुठल्याही अभिलेखागारात सांगतील. नाही, एकही नाही.

तर मी बायकांच्या रूपाबद्दल बोलत होतो. ते मी गौण धरतो, पण अनादर करत नाही, कारण त्याला एक आधार आहे – प्रथेचा आधार. आमच्याकडे आई नसलेल्या बाळाला शेळीला लावायची रीत होती. वाटीने, चमच्याने नव्हे – थेट. शेळीला कमी उंचीच्या बाकावर उभी करायची, बाळ खाली गोधडीवर, आणि शेळी शहाणी असेल तर ती स्वतः पाय फाकवून नीट उभी राहते. रडणं ऐकलं की कुरणातून धावत घरी येते. एक उदाहरण सांगतो, मागच्या पिढीतलं – नाव कशाला हवं, उदाहरण म्हणून घ्या. एका घरात बाई बाळंतपणात गेली. एकतीस सालचा हिवाळा, बाप लाकूडतोडीला दूरच्या जंगलात, खिंडीत बर्फ. घरात दहा वर्षांची मुलगी आणि तीन दिवसांचं पोर. शेजारणी म्हणाल्या, राहत नाही हे. त्या मुलीने शेळी घरात आणली – रोहुला नाव होतं, पांढरी, मोठ्या शिंगांची, स्वभावाने अत्यंत वाईट, पाद्रीबाबांना दोनदा ढुशी दिलेली – ती आणली आणि बाकावर चढवली. आणि ती पाद्रीबाबांना ढुशी देणारी शेळी, डॉक्टरबाई, उभी राहिली. तो सगळा हिवाळा उभी राहत गेली. रात्री ती मुलगी, ते पोर आणि शेळी, तिघं चुलीशी एका ढिगात झोपत. मुलगी तीन हिवाळे शाळेत गेली होती, त्यानंतर गेली नाही. शेळी आणि पोर, दोघांना सोडून कशी जाणार? पोर मात्र वाढलं, शाळेत गेलं – बुकोव्निकच्या, दुसरी नव्हतीच – आणि पहिल्याच दिवशी सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. त्याने वाचायला तोंड उघडलं की मागच्या बाकावरून, अगदी हळू – बें. नाव पडलं करडू. मास्तरही एकदा चुकून म्हणाले, "करडू, फळ्याकडे ये." आठ वर्षं. त्या पोराने तेव्हाच ठरवलं की आपण शिकायचं, इतकं शिकायचं की...

कोणाचं पोर? म्हटलं ना, उदाहरण आहे. मोखोवात अशी घरं बरीच होती. लांबलचक नाव होतं काहीतरी, आता माझ्या... आता आठवत नाही. रोहुलाच्या पोटाला वाळलेल्या गवताचा वास यायचा आणि डाव्या कुशीवर केसांचा भोवरा होता, एवढं आठवतं, बाकी – म्हणजे, सांगणाऱ्यांनी तसं सांगितलंय.

पिशवीतून काय काढताय? पत्र? मंडळाला आलेलं? कुणाचं, सरपंचांचं? इकडे द्या, चष्मा आहे माझ्याकडे. हं. "सन्माननीय... ढालींचं मंडळ. ब्लाजोने लिहिलेलं छान असतं पण खरं नसतं. लाखेचा ठसा आमच्या पेटीत आहे, आजीच्या कुरणाच्या कागदावर. त्यावर शेळी आहे, सगळी. तुमच्यापैकी कुणी आलं तर तो पेटीवर बसलेला असेल. त्याला उठवा. – योहाना हुडाकोवा, मोखोवा, घर बावीस."

– आलुबुखारांची दारू आवडली का तुम्हाला? अजून घ्या.

नाही, मी उठत नाही. माझी पाठ. हसताय तुम्ही. आल्यापासून तुम्हाला ठाऊक होतं, दीड तास तुम्ही मला पाठदुखी सांगू दिलीत, पेला सरकवून दिलात – हे विद्वान माणसाला शोभतं का? शोभतं. मीही असाच बसून राहिलो असतो, बाराव्या खोऱ्यात कुणी माझ्यासमोर असं बसलं असतं तर.

बरं. पांढरं काय आहे ते सांगतो. कथील आहे. बासष्ट साली बुकोव्निकच्या पंचायतीने कपाट साफ केलं आणि मुद्रा मला दिली, शाळेच्या संग्रहासाठी. मी घरी आणली, लाखेत दाबली, उचलली – आणि लाखेतून रोहुला माझ्याकडे बघत होती. दोन शिंगं, दाढी, आखूड उभं शेपूट आणि खाली कास, चांगली भरलेली, दोन सड मोजून घ्या. कोरणाऱ्याने शेळी बघितलेली होती, डॉक्टरबाई. अडीचशे वर्षांपूर्वी कुणीतरी गाववाल्यांना विचारलं असेल, शिक्क्यावर काय घालू, आणि त्यांनी गरुड म्हटलं नाही, सिंह म्हटलं नाही; गावातल्या बायांनी सांगितलं असणार, आणि त्या दिवशी पुरुष कुठेतरी बाहेर असणार. तिसरं रूप मूळ आहे. मला बासष्ट सालापासून ठाऊक आहे. मी शाळेच्या कार्यशाळेत डाग देण्याची सळई तापवली, कोरलेल्या दुसऱ्या शिंगात कथील भरलं, मग कासेत भरलं. एका शेळीचा एकशिंगी करायला किती वेळ लागतो? अकरा मिनिटं. निबंधाला मात्र एकोणीस वर्षं लागली. आणि मग मी तीस वर्षं पोरांना एकशिंगी शिकवला. आता गावात चाळिशीच्या आतल्या प्रत्येकाला एकशिंगी ठाऊक आहे, फुटबॉलच्या बनियनवर एकशिंगी आहे, बायकांनी वेदीच्या कापडावर भरलाय, शुभ्र, गळ्यात फुलांची माळ. आणि आता मी म्हणू, मंडळी, माफ करा, ते कथील होतं? रविवारी बुकोव्निकचे पंच पहिल्या रांगेत बसलेत, पाद्रीबाबा पाणी शिंपडतायत, निशाण उलगडतं, आणि त्यावर कास? तुम्ही ऐकलं नाही ते बेंबटणं. ते माझ्या कानात आहे, सदतीस सालापासून.

एकशिंगी मंजूर करा ना. तुमचं काय जातं? कुणाला कळतंय? तुमच्याकडे शेकडो गावं आहेत, एखादं गाव जरा बरं दिसलं तर राज्य बुडत नाही. योहानाचं ऐकू नका. योहानाला ढालीतलं काय कळतं, ती बाई धड – तिला धड लिहिताही...

थांबा. ते पत्र परत द्या.

हे लिहिलं कुणी? नाही, मजकूर तिचाच आहे, "त्याला उठवा" हे दुसरं कुणी म्हणूच शकत नाही. पण अक्षर? मला वाटलं पोस्टातल्या बाईने लिहून दिलं असेल. पोस्टातल्या बाईचं अक्षर मला ठाऊक आहे, माझीच विद्यार्थिनी, कोंबडीचे पाय. हे तसं नाही. हे बघा – दर शब्दाचं पहिलं अक्षर कागदात रुतलंय, ओळ उजवीकडे खाली घसरलीय, आणि ही पोटं बघा अक्षरांची, अशी गोल फुगवलेली, ही मी पहिलीच्या पोरांकडून गिरवून घ्यायचो, "पोट भरलेलं असू दे, उपाशी अक्षर वाचायला त्रास देतं." माझंच वाक्य आहे ते. माझ्या वर्गात ती दर संध्याकाळी फरशी पुसायला यायची. चाळीस वर्षं. फळा मी पुसत नसे, ते काम तिच्यावर सोडलेलं. आणि कधी कधी उशीर व्हायचा तिला घरी यायला, मी म्हणायचो, एवढीशी फरशी, किती वेळ लावतेस. तिने सही सोडून काही लिहिलेलं मी आयुष्यात पाहिलेलं नाही. विचारलंही नाही कधी. शाळा माझ्यामुळे सुटली तिची, ते मी कसं विचारणार होतो?

म्हणजे ती शिकली. पोरांनी सोडलेल्या फळ्यावरून, फडकं हातात धरून. आणि कुणाला एक ओळ लिहिली नाही, मला नाही, बापाला नाही, तिच्यावर जीव असलेल्या, खाणीवर गेलेल्या याकुबला नाही, ज्याची पत्रं ती मला वाचून दाखवायला लावायची आणि ऐकताना दुसरीकडे बघायची – अरे देवा, ती पत्रं मी गाळून वाचायचो! काही काही ओळी मला योग्य वाटल्या नाहीत म्हणून. त्या सगळ्या तिला ठाऊक होत्या. आणि आता, त्र्याहत्तराव्या वर्षी, पहिलं पत्र लिहिलं, ते राजधानीला, शेळीसाठी.

आमच्यासाठी नाही हो. शेळीसाठी. तिने एकदा मला म्हटलं होतं, मी लक्ष दिलं नाही, म्हणाली, "ब्लाजो, ती उभी राहिली होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला चारा कमी होता, तिचं स्वतःचं पिल्लू होतं, तरी उभी राहिली. तुला लाज कशाची वाटते?" मी म्हणालो, तुला नाही कळायचं.

ते चीज ना, शेळीचं आहे. पहिल्या तुकड्यापासून. तुम्ही चार खाल्लेत.

ऐकताय? ती घंटा. दोन घंटा, एक जाड एक बारीक – जाड लिंडनच्या झाडापाशी वळते, म्हणजे त्या आता ओढ्यावर आल्या. योहाना मागे असणार, काठी घेऊन. ती आत येणार नाही लगेच; आधी शेळ्यांना पाणी, मग बूट काढणार, मग दारातूनच विचारणार. काय विचारणार ते तुम्ही वाचलंयच.

सरपंच निशाण धरणार नाहीत. न धरोत. बनियनं पुन्हा शिवावी लागतील. वेदीच्या कापडावर एक शिंग भरायचं राहिलंय म्हणता येईल, फुलांची माळ शेळी तशीही खाऊन टाकते. आणि बुकोव्निकचे बेंबटले तर – बेंबटतील, नक्की बेंबटतील, बँडच्या आधी सुरू करतील – तर मी पहिल्या रांगेसमोर उभा राहून सांगेन, पाठभेदांसकट. दातांच्या डॉक्टरांना तोंड उघडून ऐकावं लागेल एकदा.

जरा बाजूला व्हा, डॉक्टरबाई. तो दिवा धरा. हं – उफ्. पाठ खरंच दुखते हो, ते काही सगळंच खोटं नव्हतं. झाकण जड आहे, त्या कडेने धरा. गोधड्या काढा. ती नाही, ती खालची जुनी राहू द्या, तिला अजून वास आहे. तिच्याखाली, टिनाच्या चपट्या डबीत. हा कागद. हा ठसा. बघा.

दोन. मोजलीत? दोन.

आता लेखणी काढा आणि मी सांगतो तसं लिहा, तुमच्या पद्धतीने, एक शब्द जास्त नको. हिरव्या ढालीवर चांदीची शेळी. उभी. चालती नाही, उभी. तोंड उजवीकडे – ढाल धरणाऱ्याच्या उजवीकडे, ते कंसात घाला, सरपंचांसाठी. शिंगं दोन, सोन्याची. दाढी आणि खूर सोन्याचे. आणि कास. लिहिलंत? कास सोन्याची, भरलेली. नाही, ती गाळू नका, पूर्वी कुणी दाखवली नसेल तर नसेल, ढालीवर पहिली असू द्या. सही इथे. तारीख. आणि निघा आता, शेवटची बस चर्चपासून सुटते, ती कुणासाठी थांबत नाही. चीज पिशवीत टाका, उरलेलं, सगळं.

– हो गं, योहाना! उठलो!